आनेकलच्या रस्त्यावरचे अप्पर-डिप्पर

गेल्या हिवाळ्यात आईनं माझ्यावर एक काम सोपवलं. चार शनिवार बाबांच्या शेजारी गाडीत बसायचं, मध्ये मध्ये बोलायचं नाही, आणि चौथ्या शनिवारनंतर तिला खरं काय ते सांगायचं: अंधार पडल्यावर बाबांनी गाडी चालवावी की नाही.

"तुला खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली. "एरवी त्याचा सगळ्यांना त्रासच होतो. या वेळी उपयोग होऊ दे."

मध्ये मध्ये न बोलण्याची अट सोडून मी बाकी सगळं कबूल केलं.

बाबा एकोणसत्तरचे आहेत. सोलापूरहून इथे, या कन्नड मुलखातल्या मोठ्या शहरात, आले ते एका सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून, आणि निवृत्त झाले तेही तिथूनच. घर बसवनगुडीला. निवृत्तीनंतर दर शनिवारी ते शहराबाहेर आनेकलला जातात. तिथल्या लहान कारखान्यांत काम करणारे पंधरा-वीस जण एका भाड्याच्या खोलीत जमतात आणि बाबा त्यांना इंजिनियरिंग ड्रॉइंग वाचायला शिकवतात. ज्याला ड्रॉइंग वाचता येतं तो हेल्परचा ऑपरेटर होतो; ज्याला येत नाही तो दहा वर्षं तेच खोकं उचलत राहतो. त्यामुळे हा वर्ग बाबांचा विरंगुळा आहे असं कोणी म्हटलं की मला राग येतो. बाबांना येत नाही. ते म्हणतात, विरंगुळाही आहेच की.

वर्ग साडेचारला सुरू होतो आणि सहाला संपतो. त्याआधी ठेवता येत नाही, कारण पहिली पाळी त्याआधी सुटत नाही. थंडीच्या दिवसांत परतताना अंधार पडतोच. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. दिवसा त्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. पण समोरून दिवा आला की त्याच्याभोवती कडं दिसतं, असं ते एकदा बोलून गेले आणि आईनं ते पक्कं लक्षात ठेवलं. त्यात जुनी गाडी संध्याकाळी दोनदा आमच्याच फाटकाच्या खांबाला घासली. दुसऱ्या वेळी बाबा म्हणाले, खांब जरा पुढे आलाय. आईनं काहीच उत्तर दिलं नाही, आणि आमच्या घरात तीच धोक्याची खूण असते.

बसनं जा, असं सगळ्यांत आधी मीच सुचवलं होतं. गाडी ही एका माणसासाठी चार माणसांची जागा अडवणारी गोष्ट आहे यावर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच मी कधी चालवायला शिकले नाही. पण बाबांबरोबर सहा ड्रॉइंग बोर्ड असतात, टी-स्क्वेअरची लांब पिशवी असते, आणि त्यांचा गुडघा बसच्या पायरीला तयार नसतो. बोर्ड तिथेच का ठेवत नाही, असं विचारलं तर ती खोली रविवारी दुसऱ्या कोणाची असते. मागे दोन बोर्ड ठेवले होते, ते पुढच्या शनिवारी कॅरमच्या खाली सापडले.

मग नवी गाडी आली. बाबांनी ती फक्त दिव्यांसाठी निवडली. अंधार झाला की तिचे दिवे आपोआप लागतात. मोकळा रस्ता असला की ते आपोआप वर होतात, म्हणजे ड्रायव्हर लोक ज्याला अप्पर म्हणतात तो लागतो. समोरून कोणी आलं की आपोआप खाली, म्हणजे डिप्पर. वळणावर एक लहान दिवा वळणाच्या बाजूला उजेड टाकतो. बाबांनी गाडीबरोबर आलेलं पुस्तक पेन्सिल घेऊन वाचलं, समासात खुणा केल्या, आणि दिव्यांचा भाग आईला जेवताना वाचून दाखवला.

"म्हणजे तुम्ही काय करायचं?" आईनं विचारलं.

"मी चालवायचं."

"दिसत नसलं तरी?"

"अगं, दिसण्यासाठीच आहे हे सगळं."

त्यावरून चार शनिवारांची तडजोड झाली.

इथे आमच्या घराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. मी पत्रकांवर वाढले. बाबा युनियनमध्ये होते आणि विज्ञान प्रसाराच्या एका लहानशा गटातही. आमच्या पलंगाखाली सुतळीनं बांधलेले पत्रकांचे गठ्ठे असायचे, कन्नडमधले, हिंदीतले, क्वचित मराठीतले. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. सात-आठ वर्षांची असताना बाबांबरोबर यशवंतपूरच्या घाऊक बाजारात जाऊन मी लॉरीवाल्यांना पत्रकं वाटली आहेत. त्यांतलं एक दिव्यांवरच होतं: समोरून सायकल आली तरी डिप्पर द्या. लॉरीवाले पत्रक घ्यायचे, त्यावर भजी ठेवायचे आणि माझ्या गालाला हात लावून जायचे. अजूनही मला साधं पत्र लिहिताना शेवटी मागणी मांडावीशी वाटते.

आणि आमच्या घरात कुठलीही गोष्ट नुसती ठरत नाही, ती मंजूर होते. एक लांब वही आहे. कोणीतरी ठराव मांडतं, कोणीतरी अनुमोदन देतं, हात वर होतात. मांजर ठेवायचं हा ठराव होता. जेवताना फोन नको हाही होता. आम्ही तिघंच असल्यामुळे निकाल बहुतेक दोन विरुद्ध एक असा लागतो, आणि तो एक बहुतेक आई असते. ती शाळेत गणित शिकवायची. ती म्हणते, तुमच्या वहीत बहुमत आहे, माझ्याकडे बरोबर उत्तर आहे.

पहिला शनिवार मजेत गेला. निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. नव्या गाड्यांना पुढे दिवसाही जळणारे पांढरे दिवे असतात, ते नियमानंच असतात आणि बंद करता येत नाहीत. पण दुचाकीवाल्यांना ते बघवत नाहीत. आपल्याकडे दिवसा कोणाचा दिवा जळताना दिसला की हात वर करून बोटं उघडायची-मिटायची, ही रीत आहे. अनोळखी माणूस तेवढ्यासाठी वेग कमी करतो. मला ही रीत फार आवडते. या शहरात हॉर्नखेरीज लोक एकमेकांना फुकट देतात असं तेवढंच.

बाबांनाही आवडते, त्यामुळे ते प्रत्येकाला उत्तर देत होते. सिग्नलला एक रिक्षावाला वाकून म्हणाला, "सार, लाइट ऑन इदे."

बाबांनी काच खाली केली. "गोत्तु अण्णा, माहीत आहे. ते दिवसाचेच दिवे आहेत. नियम आहे," असं त्यांनी कन्नडमध्ये समजावलं.

"बॅटरी जाते सार."

"नाही जात. इंजिन चालू असताना जात नाही."

"सरी," रिक्षावाला म्हणाला, पण त्याला पटलं नव्हतं. पुढच्या सिग्नलला तो परत शेजारी आला आणि त्यानं परत बोटं उघडली-मिटली. बाबांनी परत काच खाली केली. असं करत आम्ही वर्गाला दहा मिनिटं उशिरा पोचलो.

त्याआधी वाटेत एका उड्डाणपुलाखाली शिरलो आणि आत जाताच मोठे दिवे आपोआप लागले, बाहेर येताच विझले. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यांच्या विद्यार्थ्यानं पहिल्यांदा बरोबर उत्तर दिलं. "पाहिलंस?" मी पाहिलं होतं. मी त्यांचे डोळेही पाहत होते, कारण माझं काम ते होतं. त्या दिवशी वहीत नाही, पण मनात मी लिहिलं: ठीक.

दुसऱ्या शनिवारी बाबांनी आपोआप वर-खाली होणारा अप्पर पहिल्यांदा वापरला. आनेकलहून निघाल्यावर काही अंतर रस्त्याला दिवे नाहीत. दोन्हीकडे कारखान्यांच्या भिंती आणि मध्ये मध्ये शेतं. बाबांनी उजव्या हाताची दांडी पुढे ढकलली आणि रस्ता पार लांबपर्यंत पांढरा झाला. आरशामागे एक छोटा कॅमेरा असतो, तो समोरचे दिवे ओळखतो. लांबून लॉरी आली. ती मला दिसायच्या आत आमचे दिवे खाली गेले. लॉरी गेली, दिवे वर. मोटारसायकल आली, खाली. गेली, वर. बाबा हसत होते.

"माझ्या आधी कळतं त्याला. लॉरीवाल्यांना वीस वर्षं सांगितलं, ऐकलं नाही. हे सांगावंही लागत नाही."

मग एका वळणानंतर बायका दिसल्या. दुसऱ्या एका कारखान्याची पाळी सुटली होती. आठ-दहा जणी, निळे कोट, हातात डब्याच्या पिशव्या, रस्त्याच्या कडेनं ओळीनं आमच्याच दिशेनं चालत येत होत्या. तिथे पदपथ नाही, मातीची कड आहे आणि तिच्यापुढे गटार. आमचा उजेड सगळाच्या सगळा त्यांच्या तोंडावर गेला. त्यांनी हात वर केले, एकीनं ओढणी डोळ्यांवर घेतली, आणि ओळ थांबली, कारण पाय कुठे टाकायचा ते त्यांना दिसत नव्हतं.

"बाबा, डिप्पर."

"थांब, करेल ते."

"ते करत नाहीये."

बाबांचा हात दांडीवर गेला, पण तोपर्यंत आम्ही त्यांच्या शेजारून पुढे आलो होतो. पुढे जाऊन बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून बघितलं. ओळ परत चालायला लागली होती.

"त्यांच्याकडे दिवा नव्हता," बाबा म्हणाले. "कॅमेऱ्याला दिवे कळतात. त्याला कोणी दिसलंच नाही."

मला जे बोलायचं होतं ते मी बोलले, आणि आईच्या अटीप्रमाणे ते बोलायला नको होतं. ज्याच्याकडे दिवा आहे त्याच्यासाठी नजर झुकवायची आणि जो पायी आहे त्याच्या डोळ्यांत उजेड मारायचा, हे तर लॉरीवालेही करत नव्हते, ते निदान सगळ्यांनाच सारखे आंधळे करायचे. गाडीला शिकवणाऱ्यांनी रस्त्यावर कोण कोण असतं याची यादी केली तेव्हा पायी माणूस यादीत आलाच नाही. कोणी मुद्दाम वगळला असंही नाही. आठवला नाही, आणि ते जास्त वाईट.

घरी आल्यावर त्यांनी पुस्तक काढलं, पान शोधलं आणि बोट ठेवलं. पादचारी आणि बिनदिव्याच्या सायकली ओळखल्या जातीलच असं नाही, तिथे दिवे हातानं खाली करावेत, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. वाक्याखाली बाबांच्याच पेन्सिलीची रेघ होती.

"मी हे वाचलं होतं," ते म्हणाले. मला वाटतं, त्यांना सगळ्यात जास्त ते लागलं.

त्याच रात्री वही निघाली. ठराव मी मांडला: या गाडीचे दिवे यापुढे माणूस लावेल, माणूस विझवेल, आणि सर्व स्वयंचलित सोयी बंद राहतील. बाबांनी अनुमोदन दिलं.

"सर्व कशाला?" आई म्हणाली. "गोंधळ वरच्या दिव्यानं केला ना? मग तेवढंच बंद करा. अंधार पडल्यावर खालचा दिवा आपोआप लागला तर कोणाचं काय बिघडतं?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे," मी म्हटलं.

"मला गणित दिसतंय. एक चूक, आणि तुम्ही सगळा पेपर फाडताय."

दोन विरुद्ध एक. ठराव मंजूर झाला. बाबांनी गाडीत जाऊन दांडीच्या टोकावरचं चाक 'ऑटो'वरून 'बंद'वर फिरवलं, आणि परत येऊन शांत झोपले.

तिसरा शनिवार. वर्ग संपला तेव्हा पश्चिमेला अजून उजेड होता. बाबांनी गाडी काढली. पुढे भिंतीवर आमच्या दिव्यांचा पांढरा प्रकाश पडलेला दिसला, समोर काचेखाली सगळे आकडे झळकत होते, आणि आम्ही दोघंही एका पत्रकाच्या पहिल्या ओळीवरून भांडत होतो. गाडीवाल्यांसाठी पत्रक काढायचं हे आमचं वर्गाला येतानाच ठरलं होतं. माझी ओळ होती: पायी चालणाऱ्याच्या डोळ्यांवर त्याचा हक्क आहे.

"हक्क दुसऱ्या ओळीत घे," बाबा म्हणाले. "पहिल्या ओळीला माणूस थांबला पाहिजे. हक्क म्हटलं की गाडीवाला काच वर करतो."

"मग करू दे. त्याला बरं वाटावं म्हणून लिहायचं का?"

"वाचावं म्हणून लिहायचं."

"तुमच्या सगळ्या पत्रकांत हक्क पहिल्या ओळीत आहे."

"आणि ती भज्यांखाली गेली."

मी हसले, ते हसले, आणि या सगळ्यात उजेड केव्हा गेला ते आमच्या लक्षात आलं नाही. बाबांनी एका हंपसाठी, म्हणजे स्पीडब्रेकरसाठी, ब्रेक लावला. मागे टायर घासल्याचा आवाज आला, मग मातीत काहीतरी आपटल्याचा.

गाडी थांबवून मी आधी उतरले. मागे एक स्कूटर कडेच्या मातीत आडवी झाली होती आणि एक बाई ती उचलत होती. ती बाबांच्याच वर्गातली होती. चाळिशीची, वर्गात सगळ्यांत पुढे बसणारी, मी तिला अक्का म्हणते. जवळच्या एका कारखान्यात गाड्यांचे मागचे दिवे बनतात, तिथे ती तपासणीला आहे: दिवसभर एकेक दिवा जोडायचा, पेटतो का बघायचं, पुढे सारायचा. तिच्या ड्रॉइंगची गुंडाळी धुळीत पडली होती.

"लागलं का?" बाबा धावत आले.

"नाही लागलं," ती कन्नडमध्ये म्हणाली. तिला राग आलेला होता. "सर, मागे लाइट कुठेय?"

"कुठे म्हणजे?"

"इकडे या. इथे उभे राहा आणि बघा."

बाबा तिच्या शेजारी उभे राहिले. मीही राहिले. आमची गाडी मागून पूर्ण काळी होती. पुढच्या टोकाला दिवसाचे ते पांढरे दिवे नियमाप्रमाणे झगमगत होते, त्यांचा उजेड आम्हाला भिंतीवर दिसला होता, आणि तेवढ्यावर आम्ही समजलो होतो की दिवे लागले आहेत. मोठा दिवा लावलाच नव्हता. तो लावल्याशिवाय मागचा लागत नाही. ब्रेक दाबला तेव्हाच काय ते मागे लाल झालं, आणि तोवर अक्का जवळ येऊन पोचली होती.

"दिवसभर मी हेच बघते," ती म्हणाली. "पेटतो का, पेटतो का. आणि माझ्या सरांचाच पेटत नाही."

बाबांनी वाकून मागच्या विझलेल्या दिव्यावर बोट फिरवलं.

"तुम्हीच शिकवता ना, वस्तू एका बाजूनं बघून कळत नाही? फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू. तुम्ही नुसता फ्रंट व्ह्यू बघून निघालात."

"बरोबर," बाबा म्हणाले. "माझंच चुकलं." त्यांनी तिची गुंडाळी उचलली, रुमालानं झटकली आणि तिच्या हातात दिली. स्कूटर चालू होते का ते तिला बघायला लावलं. ती निघून जाईपर्यंत ते रस्त्यावर उभे राहिले. मग गाडीत बसून त्यांनी चाक 'ऑटो'वर फिरवलं. दिवे लागले. मी उतरून मागे जाऊन बघून आले.

पत्रक तर मी मनातूनच काढून टाकलं होतं. जे लोक रस्त्यावर मागून येणाऱ्याला दिसत नाहीत, त्यांनी कोणाला काय लिहून सांगायचं? पण मला खरी भीती दुसरीच वाटत होती. आईला हे सांगितलं की बाबांचा शनिवार संपला. आणि चूक त्यांच्या डोळ्यांची नव्हती. त्यांचे डोळे त्या संध्याकाळी उत्तम होते. हंप मला दिसला नाही, त्यांना दिसला. चूक माझ्या ठरावाची होती.

"सांगायचं का?" मी विचारलं.

बाबांनी समोरून नजर हलवली नाही. "तुला काम काय दिलंय?"

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिजवलेल्या अवरेकाळूंची, म्हणजे पावट्यांची, सालं काढत बसली होती. अंगठ्यानं दाबलं की दाणा टुणकन पातेल्यात पडतो. मी सगळं सांगितलं, क्रमानं. तिचा हात थांबला नाही.

"ठराव कोणी मांडला होता?"

"मी."

"अनुमोदन?"

"माझं," बाबा दारातून म्हणाले. "आणि दांडीवर हातही माझाच होता. तिचं नाव नको."

"मी नावं मागत नाहीये. विरुद्ध कोण होतं?"

आम्ही दोघंही अवरेकाळूंकडे बघत राहिलो.

"असो," आई म्हणाली. "मी दिव्यांबद्दल विचारलंच नव्हतं. मी डोळ्यांबद्दल विचारलं होतं. ते सांग."

ते सांगणं जास्त कठीण होतं, कारण बाबा तिथेच उभे होते. मी म्हटलं, रस्त्यावरचा माणूस त्यांना माझ्या आधी दिसतो. खड्डा दिसतो, हंप दिसतो, कुत्रं दिसतं. वेग ते वाढवत नाहीत. पण समोरून एखादी लॉरी पूर्ण अप्पर लावून आली, तर ती जाईपर्यंत दोन-तीन क्षण ते वेग कमी करतात, डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवतात आणि तिच्या अंदाजानं चालवतात. तेवढ्या वेळात ते रस्ता बघत नसतात, आठवत असतात.

मी हे बोलले आणि बाबांकडे बघितलं नाही. मला वाटलं होतं ते म्हणतील, सगळेच तसं करतात. ते खरंही आहे. ते म्हणाले, "तुला कळलं होतं?"

"तुमच्या शेजारी बसायचंच काम होतं, बाबा."

आईनं पातेलं बाजूला ठेवलं. "चार म्हटले होते. एक बाकी आहे. त्याला मी येते."

चौथ्या शनिवारी आई पुढे बसली आणि मी मागे, बोर्डांच्या मध्ये, टी-स्क्वेअरचं टोक कानाशी घेऊन. वर्ग चालू असताना ती मागे खुर्ची टाकून बसली होती. अक्कानं तिला चहा आणून दिला आणि दोघी हळू आवाजात बराच वेळ बोलत होत्या. माझ्याकडे एकदा बघून हसल्या, त्यावरून विषय कळला.

परतताना दिवे आपोआप लागले. वरचा आपोआप लागत नव्हता, तेवढं बंद ठेवलं होतं. ठरावाला आईनं सुचवलेली दुरुस्ती एकमतानं मंजूर झाली होती. अंधाऱ्या पट्ट्यात बाबांनी हातानं अप्पर लावला. वळणावर निळे कोट दिसायच्या आत त्यांनी तो खाली केला होता, कारण त्या वेळेला तिथे कोण चालत असतं हे आता त्यांना माहीत होतं. बायका आमच्या बाजूनं न थांबता गेल्या.

मग लॉरी आली, पूर्ण उजेड घेऊन. मी मागून बाबांचे खांदे ताठ होताना बघितले.

"डावीकडे कोणी नाही," आई शांतपणे म्हणाली. "एक दगड आहे, लांब. स्वल्प उजवीकडे. हं. गेली."

बाबांनी मान हलवली. पुढची लॉरी आली तेव्हा ती परत तसंच म्हणाली, भाजी चिरताना बोलतात तशा आवाजात. मला आठवतं तेव्हापासून ते दोघं एकमेकांना उत्तरं देत आले आहेत. एकजण बघतो आणि दुसरा ऐकतो असं मी पहिल्यांदा पाहत होते.

घराजवळ आल्यावर आईनं मागे वळून विचारलं, "मग? तुझं काय म्हणणं?"

"चालवू देत," मी म्हटलं. "पण एकट्यानं नको. शेजारी कोणीतरी हवं, बघून सांगणारं."

"कोणीतरी म्हणजे कोण? तू तर पुढच्या महिन्यापासून शनिवारी त्या नव्या मासिकाच्या नोकरीला जाणार."

बाबा फाटकातून गाडी आत घेत होते. खांबापासून हातभर लांब.

"मीच येईन," आई म्हणाली. "तसंही तुमच्या वर्गातल्या निम्म्या लोकांना अपूर्णांक येत नाहीत. एकास चार म्हणजे काय ते कळल्याशिवाय स्केल कशी कळणार? तुम्ही ड्रॉइंग शिकवताय आणि पाया कच्चा."

आता ती दर शनिवारी जाते. बाबांचा वर्ग सहाला संपतो, आणि मग खोलीच्या मागच्या कोपऱ्यात आई पाच-सहा जणांना घेऊन अपूर्णांक शिकवते. मी अधूनमधून सुट्टी काढून जाते. ज्या अंधाराला ती एवढी भीत होती तो आता चांगलाच दाट झाल्यावर ते निघतात, कारण तिचं एकही उदाहरण अर्धवट सोडून उठायचं नाही हा तिचा नियम आहे. बाबा बोर्ड गाडीत ठेवून, दिवे लावून, दारात येऊन उभे राहतात.

"अगं, उशीर होतोय. अंधार पडला."

"पडू दे," ती फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणते. "हे एक होऊ दे."